एका सोडियमभोवती सहा

आमच्या घरात मला हाक मारायची ती वाटीनं. आई माजघरात लोखंडी खाटेवर निजून असे आणि तिच्या उशाशी एक काशाची वाटी असे. काही हवं झालं की ती वाटी खाटेच्या पायावर वाजवायची. एकदा वाजली तर पाणी, दोनदा वाजली तर कूस बदलून द्यायची, आणि वाजतच राहिली तर धाकटी कुठेतरी रडते आहे आणि मला कसं ऐकू येत नाही. मी मागीलदारी राखेत हात घालून बसलेली असले तरी तो आवाज पोचायचा. आज माझ्या घरात सगळी भांडी स्टीलची आहेत, त्यांचा आवाज वेगळा, पोकळ. तरी सून ताटं रचत असली की माझे हात मध्येच थांबतात. ती विचारते, "काय झालं आई?" मी म्हणते काही नाही. आता नातीच्या वहीची कोरी पानं उरली आहेत त्यांत हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहिता येतं.

चौथी मी वाडीवरच्या शाळेत केली. पाचवीला भाऊंच्या हायस्कुलात जायचं होतं. भाऊ म्हणजे माझे वडील. ते तिथे रसायन शिकवत. रोज सकाळी त्यांच्याबरोबर पाखाडीच्या पायऱ्या उतरून जायचं, त्यांची छत्री मी धरायची, असं सगळं मी मनात ठरवलं होतं. आईनं गादीच्या निळ्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचं दप्तरही शिवून ठेवलं होतं. त्याच महिन्यात ती विहिरीच्या ओल्या पायरीवरून भरल्या हंड्यासकट घसरली आणि तिची कंबर गेली. धाकटी तेव्हा रांगतही नव्हती. तिच्या वरची तिघं एकापाठोपाठ एक, शेंगेतल्या दाण्यांसारखी. आईनं मला खाटेजवळ बसवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढं एक वर्ष जाऊ दे मंदे. मी उठले की तू शाळेत." भाऊ दारात उभे होते. त्यांनी मान हलवली, आणि मला ती पुरे वाटली. दप्तर कोनाड्यात राहिलं. पुढच्या वर्षी त्यात कांदे ठेवले.

भाऊंची शिकवणी सकाळी सहापासून पडवीत चाले. दहावीची वीस-तीस मुलं सारवलेल्या जमिनीवर बसायची. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चिऱ्याची भिंत आणि त्या भिंतीत लाकडी गजांची एक खिडकी. मी चुलीपुढे भाकऱ्या थापायची तेव्हा मुलांची डोकी मला दिसत, भाऊंचे पाय दिसत. फळा मात्र दिसत नसे, कारण तो याच भिंतीला, खिडकीच्या अंगाला टांगलेला होता. म्हणजे सगळ्यांची तोंडं माझ्याकडे आणि मला काहीच दिसत नाही. भाऊ बोलत बोलत यायचे आणि ऐन वेळी खडू आपटून म्हणायचे, "हे असं." मग मुलं वहीत उतरवून घ्यायची. ते असं म्हणजे कसं, हे मला सहा वर्षं कळलं नाही. इलेक्ट्रॉन म्हणजे मोहरीचा दाणा असावा असं मी धरलं होतं, आणि अणू म्हणजे मोहरी भरलेली वाटी. काही वाट्यांत शिगोशीग मोहरी, त्यांना कोणाशी देणंघेणं नाही. बाकीच्या सगळ्या अर्धवट.

दर वर्षी तेच धडे यायचे आणि दर वर्षी मी थोडं जास्त ऐकायची. धातू देतो आणि अधातू घेतो, हे पहिल्या वर्षी कळलं. दोन अधातू भेटले तर कोणीच कोणाला देत नाही, दोघं मिळून वापरतात, हे दुसऱ्या वर्षी. तांब्याच्या तांब्यात किंवा पळीच्या लोखंडात इलेक्ट्रॉन कोणा एकाचे नसतात, सगळ्यांमधून हिंडत असतात, म्हणून धातू ठोकला तरी वाकतो, फुटत नाही, हे त्याच्याही पुढच्या वर्षी. त्या दिवशी मी काशाची वाटी घासताना बराच वेळ तिच्याकडे बघत बसले होते. भाऊ तेव्हा विद्युतसंयुज बंध म्हणत. नातीच्या पुस्तकात आता आयनिक लिहिलं आहे. तिला मी एकदा विचारलं, "हे दोन्ही एकच का गो?" ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, तुला काय करायचंय?"

एक धडा मात्र मी पुन्हा पुन्हा ऐकावा असा होता, आणि ऐकला की दिवसभर छातीवर काहीतरी बसल्यासारखं व्हायचं. तो मिठाचा. मला आधी वाटायचं की सोडियमनं आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकला म्हणजे तो सुटला, आता जाईल कुठेही. पण भाऊ म्हणाले, तसं नाही. दिलं म्हणूनच तो धरला जातो. देणारा एका भाराचा होतो, घेणारा उलट भाराचा, आणि मग ते एकमेकांना सोडत नाहीत. शिवाय मिठाच्या खड्यात एका सोडियमला एकच क्लोरीन धरून नसतो. "सहा," भाऊ म्हणाले. "पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली. हे असं." मी परातीतल्या पिठावर बोटानं सहा टिंबं काढली. आई, भाऊ, बाळ्या, विजू, नंदा, धाकटी. तेवढ्यात वाटी वाजली. मी हात धुतले आणि गेले.

मी पंधरा पुरी केली त्या वर्षी शिकवणीत सुलभा आली. चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसायचो, माझी पाटी ती पुसायची, तिची मी. आता तिच्या दोन वेण्यांना लाल फिती होत्या. पहिल्या दिवशी तिनं खिडकीतून आत बघितलं आणि म्हणाली, "मंदे, तू इथेच असतेस?" मी म्हटलं, "मग कुठे असणार?" त्यानंतर ती कधी कधी गजांतून एखादं करवंद, कधी चिंचेचा गोळा आत टाकायची. तिनं एकदा हळूच विचारलं होतं, "ऐकतेस ना तू सगळं?" मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते माहीत नाही. चोरी पकडल्यासारखं वाटलं. पण मनात एक होतं. भाऊंना एक दिवस कळेल. मी काय काय ऐकलं आहे ते कळलं की ते स्वतःच म्हणतील, मंदे, चल. मागण्याचं धैर्य मला नव्हतं, म्हणून मी कळण्याची वाट बघत होते. सहा वर्षं मी त्या एका गोष्टीवर काढली.

आता टोपाचं सांगते. आमच्याकडे एक मोठा पितळी टोप होता, तीस-चाळीस माणसांचा. दिवाळीनंतर कल्हईवाले चाचा यायचे आणि काजूच्या झाडाखाली भाता लावायचे. टोप तापला की ते नवसागराची चिमूट आत टाकायचे, पांढरा धूर उठायचा, आणि त्या धुरातच कथलाची कांडी फिरवून कापसानं पुसून घ्यायचे. बघता बघता आतून चांदीसारखं. भावंडं ओरडायची, "जादू, जादू!" चाचा म्हणायचे, "जादू नाय रे, पोटाची पॉलिश आहे." आणि मला दर वर्षी बजावायचे, "बेटी, आतून राखेनं घासू नको हां. कथील लाजरं असतं, घासलं की पळतं." त्या वर्षी चाचा आले नाहीत. गुडघे गेले म्हणून मुलानं त्यांना मुंबईला नेलं, असं कोणी सांगितलं. भाऊ म्हणाले, "बाजारात नेऊन करून आणू." ते राहिलं ते राहिलंच. टोपाच्या आतली कल्हई ठिकठिकाणी उडून खालचं पिवळं दिसायला लागलं.

दहावीची परीक्षा जवळ आली की भाऊ शिकवणीच्या मुलांना एक दिवस जेवायला घालत. निरोपाचं जेवण. आई खाटेवरून सांगायची, मी करायची. वालाचं बिरडं, कोवळ्या फणसाच्या कुयरीची भाजी, भात, सोलकढी, नारळाच्या वड्या. आदल्या दिवशी आई म्हणाली, "सगळी भांडी लख्ख कर हो. मास्तरांचं घर आहे, पोरं नावं ठेवतील." मी टोप मागीलदारी नेला. आत अर्धं पांढरं, अर्धं पिवळं, नायटा उठल्यासारखं दिसत होतं. मनात म्हटलं यात काही शिजवायचं तर नाहीच, पाणी भरून ठेवू, निदान एकसारखा तरी दिसू दे. चिंच आणि राख घेऊन आतून बाहेरून इतका घासला की सोन्याचा वाटावा. उरलीसुरली कल्हईही माझ्याच हातानं गेली.

सोलकढी मी सकाळी लवकर करून ठेवली होती, दोन चिनी मातीच्या बरण्यांत, कोकमाचं आगळ, नारळाचं दूध, मीठ, लसूण घालून. मग धाकट्यांच्या आंघोळी, आईचं आवरणं. मी न्हाणीत होते तेवढ्यात भाऊ स्वयंपाकघरात आले. ते कधी येत नसत. त्या दिवशी मुलीला मदत करावी असं त्यांच्या मनात आलं. बरण्या जड, वाढायला अडचणीच्या, आणि कोपऱ्यात हा टोप, लख्ख. त्यांनी दोन्ही बरण्या त्यात ओतल्या, वर केळीचं पान झाकलं, आणि बरण्या विसळूनसुद्धा ठेवल्या. मी आले तेव्हा बरण्या पालथ्या दिसल्या, पण मला वाटलं नंदानं सोलकढी पडवीत नेली असेल. पान उचलून बघायला त्या दिवशी सवड कुठे होती.

पंगत बसली. भाऊ सुद्धा मुलांच्या रांगेत शेवटी बसले होते, खूष होते. बिरडं वाढून झालं तशी भाऊंच्या सांगण्यावरून विजूनं आणि बाळ्यानं टोप धरून पडवीत आणून ठेवला. पहिल्या पानावरचा दामू नावाचा दांडगा मुलगा, त्याला धीर नाही, त्यानं स्वतःच वाटी बुडवली आणि घटाघटा प्यायला. मी पळी घेऊन वाकले आणि बघितलं. सोलकढी गुलाबी राहिली नव्हती. करडी, निळसर झाली होती, आणि काठाला, जिथे ती पितळेला टेकली होती, तिथे बारीक हिरवी कड. वास आला, पैसा तोंडात धरल्यावर येतो तसा.

माझी पळी तिथेच राहिली. तीस माणसं. त्यांच्यासमोर मी आजवर पान वाढण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. सुलभा माझ्याकडे बघत होती.

"वाढ गो मंदा, थांबलीस का?" भाऊ शेवटून म्हणाले.

मी त्यांच्याजवळ गेले आणि खाली मान घालून म्हटलं, "ही वाढायची नाही."

"काय? मोठ्यानं बोल."

"सोलकढी वाढायची नाही. टोपाला कल्हई नाहीये."

"बरं मग? चांगला घासलेला तर आहे. मीच ओतली त्यात." ते हसले. "सर सुद्धा काम करतात म्हटलं घरात."

मुलंही हसली. आता गप्प बसावं, टोप कलंडून द्यावा आणि धांदरट म्हणवून घ्यावं, हे माझ्या मनात आलं. तेच मला जमण्यासारखं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "पितळ त्यात उतरलंय भाऊ. तांबं आणि जस्त. धातू देतो ना. आंबटानं घेतलं ओढून."

भाऊंनी हातातला घास पानात ठेवला. "काय घेतलं ओढून?" त्यांनी विचारलं, आणि तो आवाज वडिलांचा नव्हता, शिकवणीतला होता.

"इलेक्ट्रॉन."

"तांबं सहजी देत नाही. हवेतला ऑक्सिजन मदतीला लागतो त्याला. पण असू दे, बरोबर आहे. कल्हई असती तर?"

"कथील लवकर देत नाही. ते मध्ये उभं राहतं."

"आणि ते पितळेला चिकटून कसं राहतं?"

"दोघं धातूच. इलेक्ट्रॉन कोणा एकाचे नसतात. दोघांत हिंडतात."

"बरणीत का नाही झालं असं?"

"बरणीत सगळ्यांनी आधीच वाटून घेतलेलं असतं," मी म्हटलं. "ती कोणाला काही देत नाही."

कोणीतरी मागून म्हणालं, "सर, बोर्डाला आमच्या जागी हिलाच बसवा!" आणि हशा पिकला. त्याच वेळी दामू तोंडावर हात धरून उठला आणि केळीकडे धावला. त्याचं ओकणं ऐकून हशा थांबला. तो तासाभरात बरा झाला आणि वड्या खाऊन घरी गेला, पण तेवढ्यानं सगळ्यांना कळलं की मी बोलले नसते तर काय झालं असतं.

भाऊ उभे राहिले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी आई विहिरीवर पडली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता. आता ते म्हणणार. सुलभानं सुद्धा श्वास रोखला होता, मला दिसलं.

"बघा," ते मुलांना म्हणाले. "मी पंचवीस वर्षं शिकवतो आणि मला सुचलं नाही. माझ्या लेकीला चुलीपुढे बसून सुचलं. अशी मुलगी घर सांभाळते आहे, म्हणून तर मी निर्धास्त तुम्हाला शिकवतो. वाजवा टाळ्या."

टाळ्या वाजल्या. सुलभानं वाजवल्या नाहीत. मी टोपाच्या कड्यांना धरून उभी होते.

मुलं गेल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. भाऊ अंगणात पंच्यानं हात पुसत होते. मी म्हटलं, "भाऊ, मला पाचवीत बसवाल?" पंधरा वर्षांची मुलगी, दहावीच्या मुलांसमोर तोंडी परीक्षा देऊन आलेली, आणि पाचवीत बसवा म्हणते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पंच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "आईला विचार." आतून वाटी वाजली. आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला जवळ ओढलं, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "हुशार गो माझी बाय," ती म्हणाली. "आज तू होतीस म्हणून लोकांची पोरं वाचली. तू शाळेत असतीस तर? कोणी बघितलं असतं?" ती खरंच विचारत होती. मग ती म्हणाली, "एवढं एक वर्ष जाऊ दे." तिला तरी ते खरं वाटत होतं का, हे मला आता विचारायचं आहे, पण ती नाही. तिच्यावर मी रागावू शकले नाही. जी माणसं वाईट असतात त्यांच्या घरून पळून जाता येतं. आमच्याकडे सगळी चांगली होती.

आणि मला त्या दिवसापर्यंत निदान एक आशा होती, की त्यांना माहीत नाही. आता त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवून मी पीठ मळायला बसले तेव्हा पडवीत ठोकाठोक ऐकू आली. भाऊ खिळा मारत होते. मुलं यायच्या आत त्यांनी फळा आमच्या भिंतीवरून काढला आणि समोरच्या खांबाला, खिडकीच्या बरोबर समोर टांगला. मुलांना त्यांनी उलट तोंडानं बसवलं, माझ्याकडे पाठ करून. उजळणी होती. भाऊंनी खडू घेतला आणि मिठापासून सुरुवात केली. "हे असं," ते म्हणाले, आणि मला पहिल्यांदा दिसलं. दोन गोल. एकाजवळ फुल्या, दुसऱ्याजवळ टिंबं, आणि एका फुलीपासून निघालेला एक बाण. मोहरी नव्हती, वाटी नव्हती. सहा वर्षं मी जे डोक्यात बांधत आले ते असं होतं, इतकं साधं, मला हातानं काढता आलं असतं.

भाऊ बाजूला सरकले, माझ्या वाटेत येऊ नये म्हणून. मुलांच्या डोक्यांवरून त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. दिसतंय ना? मी मान हलवली. त्यांचा चेहरा इतका फुलला की मला ते सहन होईना. त्यांच्याजवळ होतं तेवढं त्यांनी दिलं होतं, आणि त्यांना वाटत होतं की ते पुरलं.

आत वाटी वाजली. दोनदा. मी भाकरी उलटली, हात पुसले आणि जायच्या आधी खिडकी लावून घेतली. आईची कूस बदलून देईपर्यंत भाऊ मोजत असलेले सोडियमभोवतीचे सहा मला भिंतीतून ऐकू येत होते.